‘पंजाब’ आणि ‘द ट्वीड’ : एकाच जहाजाचा माग काढताना

मे २०२२ मध्ये वेंगुर्ले बंदराच्या इतिहासावर मुलांसाठी चार तक्ते तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. डच वखार, आंबोली घाटातून बेळगावला जाणारा रस्ता आणि निवतीच्या समुद्रातील दीपगृह ही माहिती हाताशी होती. वाचता वाचता एका जुन्या इंग्रजी पुस्तकात दोन ओळी सापडल्या. १८६० च्या दशकात ‘द ट्वीड’ नावाच्या शिडाच्या व्यापारी जहाजाने वेंगुर्ल्याहून स्कॉटिश हायलँडर सैनिक घेतले आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालून त्यांना इंग्लंडला पोहोचवले, एवढाच तो मजकूर होता. मी तीस वर्षे भूगोल शिकवला. पण आमच्या बंदरातून सैनिक भरून असे जहाज थेट विलायतेला गेले होते, हे मला माहीत नव्हते. ते जहाज कोणाचे होते, कोठे बांधले गेले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच शोधायचे मी ठरवले. त्याला दोन वर्षे आणि सुमारे अकरा हजार रुपये लागले. कोकणातल्या बंदरांवरून गेलेल्या एखाद्या जुन्या जहाजाचा शोध आणखी कोणी घेऊ पाहत असेल, तर त्याचे निदान सुरुवातीचे तीन महिने वाचावेत म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

माझे ते तीन महिने वाया गेले, कारण मी नावाने शोधत होते. जून ते ऑगस्ट २०२२ या काळात रोज संध्याकाळी दोन तास मी संगणकावर ‘ट्वीड’ हा शब्द घालून जुनी वर्तमानपत्रे चाळत असे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ हा संग्रह विनामूल्य आहे आणि न्यूझीलंडचा ‘पेपर्स पास्ट’ही तसाच आहे, पण ट्वीड हे लोकरी कापडाचे नाव आहे, स्कॉटलंडमधील नदीचे नाव आहे आणि न्यू साउथ वेल्समध्येही त्याच नावाची दुसरी नदी आहे. परिणामी माझ्यासमोर कोटांच्या जाहिराती आणि नदीकाठच्या जमिनींचे लिलाव यांचा ढीग येत राहिला. त्यातच एका जहाजाच्या बुडण्याची सविस्तर हकीकत सापडली आणि मी ती आनंदाने उतरवून काढली. आठ दिवसांनी लक्षात आले की ती ‘ट्वीड’ ही १८४७ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील खडकांवर आपटून फुटलेली टपालवाहू आगबोट होती. माझ्या जहाजाशी तिचा काहीही संबंध नव्हता. त्या रात्री मी काम सोडून देण्याच्या बेतात होते.

मार्ग सापडला तो क्रमांकामुळे. १८५५ पासून प्रत्येक ब्रिटिश व्यापारी जहाजाला नोंदणीच्या वेळी एक अधिकृत क्रमांक दिला जाई. मालक बदलला, नाव बदलले, डोलकाठ्या बदलल्या, तरी तो क्रमांक जहाजाबरोबर अखेरपर्यंत राहत असे. हे क्रमांक ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या छापील वार्षिक यादीत मिळतात आणि त्या यादीची जुनी पाने आज घरबसल्या पाहता येतात. १० सप्टेंबर २०२२ रोजी मला आमचे जहाज त्या यादीत सापडले. त्याच्या नावातील ‘द’ हा नावाचाच भाग असल्याने ते कधी ‘ट्वीड’ या शब्दाखाली, तर कधी ‘द’ खाली शोधावे लागते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नोंदणीचे बंदर लंडन होते आणि नोंदणीचे टनेज १,७४५ टन होते. बांधणीच्या रकान्यात मात्र ‘बॉम्बे, १८५४’ असे छापलेले होते.

ती ओळ मी कितीदा वाचली असेल, ते सांगता येणार नाही. परदेशी समजून ज्याच्यामागे लागले होते, ते जहाज आपल्या मुंबईच्या गोदीतले होते. पण १८५४ मध्ये मुंबईत ‘ट्वीड’ नावाचे कोणतेही जहाज पाण्यात उतरले नव्हते. याचा अर्थ त्याचे मूळ नाव वेगळे होते, आणि ते नाव मिळाल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते.

मूळ नाव ‘पंजाब’ होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीसाठी मुंबई गोदीत बांधलेली ही दोन्ही बाजूंना चाके असलेली, वाफ आणि शिडे या दोहोंवर चालणारी लढाऊ आगबोट होती. तिच्याच जोडीची दुसरी आगबोट ‘असाये’ होती. म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातील असई, जेथे १८०३ ची लढाई झाली, तिच्या नावाची. दोन्हींचे बांधकाम मास्टर बिल्डर कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांच्या हाताखाली झाले. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले तेव्हापासून हे घराणे मुंबई गोदीत जहाजे बांधत होते. बांधणीच्या आरंभी चांदीचा खिळा ठोकण्याची त्यांची प्रथा होती, आणि त्यांच्या जहाजांचे मुख्य लाकूड मलबारचा साग हे असे.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. त्या काळच्या कागदपत्रांत ‘पंजाब’ हे नाव रोमन लिपीत आजच्यासारखे लिहीत नसत. ‘जे’ नंतर ‘ए’ आणि ‘यू’ अशी दोन अक्षरे घालत. वेंगुर्ल्याचेही ‘व्हिंगोर्ला’ होत असे. आजच्या स्पेलिंगने शोधल्यास संगणक हात हलवत परत येतो आणि आपण मात्र कागदच उरले नसल्याचे समजून बसतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी मुंबईला गेले. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून नियम विचारून घेतले, आणि तसे करणे फार उपयोगी ठरले. ओळखपत्राच्या प्रती, छायाचित्रे, विषयाची एक पानी माहिती आणि एखाद्या शैक्षणिक संस्थेचे शिफारसपत्र एवढी तयारी मी घरूनच केली. मी निवृत्त असल्याने पत्र कोणाकडून घ्यावे हा प्रश्न होता. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी ते आनंदाने दिले. तुतारी एक्स्प्रेसने दादर, डोंबिवलीला दिरांकडे मुक्काम आणि रोजचा लोकलचा प्रवास धरून सहा दिवसांचा खर्च ४,२०० रुपये झाला.

पहिला दिवस अर्ज आणि सूची यांतच गेला. अनुक्रमणिका हाताने लिहिलेल्या असतात. विभाग, वर्ष आणि खंड क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा लागतो आणि खंड वर येईपर्यंत वाट पाहावी लागते. मी पहिल्या दिवशी ‘मरीन’ विभागाचे तीन खंड मागितले. त्यांपैकी एक जीर्ण असल्याने मिळण्यासारखा नव्हता. पेन्सिल, कोरी वही, भिंग आणि गळ्यात सुती रुमाल एवढेच बरोबर ठेवावे, कारण जुन्या कागदाची धूळ घशात बसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी १८५० च्या दशकातील एका खंडाच्या अनुक्रमणिकेत मला ‘पंजाब’ दिसली. कागद चहाच्या रंगाचा झाला होता. कसरीने पानाच्या कडेपासून आतपर्यंत नागमोडी वाट कोरली होती आणि ती वाट नेमकी जहाजाच्या नावाच्या पहिल्या अक्षराला स्पर्श करून थांबली होती. जेथे लेखणी जोरात दाबली गेली होती तेथे शाईने कागद खाल्ला होता, त्यामुळे काही अक्षरांच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोके होती आणि त्यांतून खालच्या पानावरचा मजकूर दिसत होता. त्या गोदीपासून मी चालत जाण्याच्या अंतरावर बसले होते. गोदी आता नौदलाच्या ताब्यात असल्याने आत जाता येत नाही. पण संध्याकाळी लायन गेटपर्यंत जाऊन मी थोडा वेळ उभी राहिले.

पुढचे काही महिने ‘पंजाब’च्या लढाऊ आयुष्याची जुळवाजुळव करण्यात गेले, आणि हा भाग माझ्यासाठी सोपा नव्हता. १८५६-५७ च्या इराणच्या युद्धात ती गेली, आणि पुढे १८५७ च्या उठावात तिला बंगालकडे पाठवण्यात आले. २२ नोव्हेंबर १८५७ रोजी ढाक्यात, लालबागेत शिपायांची शस्त्रे काढून घेण्यासाठी जी तुकडी गेली, तिच्यात या आगबोटीवरचे खलाशी होते. ‘पंजाब’वरचा सतरा वर्षांचा मिडशिपमन (शिकाऊ नौदल अधिकारी) आर्थर मेयो याने तेथे शिपायांच्या तोफांवर चाल करून जाणाऱ्यांचे नेतृत्व केले, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले. सप्टेंबरपासून मी मनात मुंबईच्या सागाचा आणि वाडियांच्या कौशल्याचा अभिमान बाळगून होते; ही नोंद वाचल्यावर तो अभिमान पूर्वीसारखा राहिला नाही. आपल्या सुतारांनी बांधलेले जहाज आपल्याच शिपायांविरुद्ध गेले होते. फाइलमध्ये हे पान ठेवावे की नाही, यावर मी बराच विचार केला आणि ते पान ठेवले.

या आगबोटीला व्यापारी जहाज बनवले ते सरकारी निर्णयांनी. पंख्यावर चालणारी यंत्रे बसवण्यासाठी ‘पंजाब’ आणि ‘असाये’ यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. तेवढ्यात १८६३ मध्ये इंडियन नेव्हीच बरखास्त झाली आणि दोन्ही जहाजे विक्रीस निघाली. लंडनचे जहाजमालक जॉन विलिस यांनी दोन्ही विकत घेतली. ‘असाये’ त्यांनी पुढे विकली. ‘पंजाब’ मात्र स्वतःकडे ठेवली, यंत्रे आणि बाजूची चाके काढून तिला पूर्ण शिडाचे तीन डोलकाठ्यांचे जहाज केले आणि स्कॉटलंडमधील आपल्या मूळ मुलखातील नदीचे नाव दिले. कप्तान म्हणून स्कॉटलंडमधील पीटरहेडचे विल्यम स्टुअर्ट नेमले गेले. मालक बदलल्याबरोबर कागदांचे घरही बदलते, हे मला येथे उमगले. १८६३ पूर्वीचे कागद सरकारी दप्तरात असतात. १८६३ नंतरचे कागद व्यापारी जहाजांच्या नोंदणी खात्यात, विमा नोंदींत आणि बंदरोबंदरच्या वर्तमानपत्रांत विखुरलेले असतात.

खलाशांच्या करारपत्रांची वाटणी तर फारच चमत्कारिक आहे. १८६३ ते १९३८ या काळातील ब्रिटिश व्यापारी जहाजांची सुमारे ७० टक्के करारपत्रे कॅनडातील न्यूफाउंडलंड येथील विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात आहेत. ज्या वर्षांच्या शेवटी ५ येतो, अशा १८६५, १८७५, १८८५ या वर्षांची बहुतेक कागदपत्रे लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत, आणि दहा टक्के नमुना ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सफर ज्या वर्षी संपली त्या वर्षाखाली करारपत्र लावले जाई. म्हणून १८७४ मध्ये निघालेल्या जहाजाचा कागद १८७५ मध्ये सापडू शकतो. मला हे आधी ठाऊक असते तर दोन ईमेल आणि पाच आठवडे वाचले असते.

माझी बहिणीची मुलगी लंडनजवळ राहते. जानेवारी २०२३ मध्ये तिने ग्रिनिचच्या ग्रंथालयाचे वाचकपत्र काढले आणि पेटी आगाऊ मागवून ठेवली. त्या दिवशी आमची खिडकी उघडी होती, बाहेर भर दुपार होती आणि तिकडे सकाळ. बाहेरच्या खोलीत येऊन तिने फोन लावला. “मावशी, हा कागद टेबलाएवढा मोठा आहे, चार घड्या घातलेला. उलगडायलाच भीती वाटते,” ती म्हणाली. रकान्यांची नावे तिने एकेक करून सांगितली : नाव, वय, जन्मगाव, याआधीचे जहाज, हुद्दा, पगार, जहाजावर चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि कारण. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे फुली. वर कप्तानाची सही होती, आणि ‘स्टुअर्ट’मधला शेवटचा ‘टी’ त्याने लांब, सरळ ओढला होता, असे ती म्हणाली. मी तो माणूस कधी पाहिला नाही. तरी त्याच्या हाताची ही एक रेघ ऐकून मला तो फार जवळचा वाटू लागला. परवानगी घेऊन काढलेली छायाचित्रे तिने पाठवली.

ग्रिनिचपर्यंत गेलीच होती म्हणून तिने तेथील ‘कटी सार्क’ हे जहाजही पाहिले. १८६९ मध्ये बांधलेल्या या जहाजाचे मालकही विलिसच होते. ‘द ट्वीड’च्या वेगाने ते इतके प्रभावित झाले होते की नव्या जहाजाचा आराखडा करणाऱ्या हर्क्युलिस लिंटन यांना त्यांनी सुक्या गोदीत असलेले ‘द ट्वीड’ दाखवले आणि तिच्या नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) रेषा नव्या जहाजात उतरल्या. ‘कटी सार्क’ आज जगभर ठाऊक आहे. ती ज्या जहाजाकडे पाहून घडली ते मुंबईचे होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत तरी यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

२०२३ चे वर्ष जहाजाच्या व्यापारी सफरी जुळवण्यात गेले. आता शोधताना मी ‘ट्वीड’, ‘स्टुअर्ट’ आणि ‘१७४५’ असे तिन्ही शब्द एकत्र घालत असे, त्यामुळे कापडाच्या जाहिराती गळून पडल्या. पहिली मोठी कामगिरी इराणच्या आखातातील तारायंत्राची होती. पाच शिडाच्या जहाजांवर समुद्राखालून टाकायची तार भरून ती इंग्लंडहून मुंबईला आणण्यात आली. ‘द ट्वीड’, ‘असाये’, ‘कर्कहॅम’, ‘मॅरियन मूर’ आणि ‘कॉस्पॅट्रिक’ ही ती पाच जहाजे होत. ‘द ट्वीड’ने तो प्रवास ७७ दिवसांत केला. १८६४ मध्ये आगबोटींनी ओढत नेऊन त्यांच्यावरून ग्वादर, मुसंदम, बुशेहर आणि फाओ यांच्या दरम्यान तार टाकण्यात आली, आणि १८६५ मध्ये हिंदुस्थान आणि युरोप यांच्यात तारेने निरोप जाऊ लागले. त्या पाचांपैकी ‘कॉस्पॅट्रिक’ला पुढे १८७४ मध्ये केपच्या दक्षिणेला आग लागली आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसांतून फक्त तिघे वाचले. ते वर्णन वाचल्यानंतर मी दोन दिवस संगणक उघडला नाही.

वेंगुर्ल्याची सफर तार टाकून झाल्यानंतरची आहे. त्यानंतर ‘द ट्वीड’ प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया आणि पूर्वेकडील समुद्रांत राहिली. सिडनी आणि मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत जहाजांच्या आगमनाचे रकाने फार बारकाईने छापत. वारा कसा लागला आणि कोणत्या रेखांशावर वादळ आले, हे सगळे त्यांत असे. मात्र छपाई पुसट असल्याने संगणक अक्षरे चुकीची वाचतो, म्हणून शंका आली की मूळ पानाचे चित्र उघडून डोळ्यांनी वाचावे. त्यांतले जहाजी शब्द समजून घेण्यासाठी मी वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्याच्या एका वयोवृद्ध होडी बांधणाऱ्या सुतारांकडे जात असे. परमन, नाळ आणि पाटण हे शब्द मला माहीत होते, पण कोणत्या वाऱ्यात कोणते शीड उतरवतात आणि डोलकाठी मोडली तर माणसे काय करतात, हे त्यांनी मला वाळूत काठीने रेघा ओढून दाखवले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनमधील एका मोठ्या ग्रंथालयाची ऑनलाइन सूची बंद पडली आणि माझ्या दोन मागण्या तेथेच राहिल्या. तेवढ्यात न्यूफाउंडलंडहून प्रतींचा अंदाजपत्रकासह निरोप आला. पैसे पाठवताना माझ्या बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारासाठी सुरू नसल्याचे कळले, शाखेत दोन खेपा झाल्या आणि तीन आठवडे गेले. हे काम आधीच करून ठेवावे. प्रती आणि शुल्क मिळून ५,८०० रुपये लागले. मार्च २०२४ मध्ये प्रती मिळाल्या.

शेवट शोधताना मी पुन्हा एकदा चुकले. एकोणिसाव्या शतकातील जहाजाचा अंत म्हणजे बुडणे, असे गृहीत धरून मी फुटलेल्या जहाजांच्या याद्या वाचत होते. ‘द ट्वीड’ मात्र बुडाली नव्हती. जुलै १८८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वादळात तिच्या डोलकाठ्या मोडून पडल्या आणि तिला ओढत अल्गोआ उपसागरात, पोर्ट एलिझाबेथला आणण्यात आले. पुन्हा सागरी प्रवासास योग्य करण्यासारखी तिची स्थिती राहिली नव्हती, म्हणून ती तेथेच मोडीत काढण्यात आली. बांधल्यापासून ३४ वर्षे झाली होती. त्या शहराला आता गेबेर्हा म्हणतात. तिच्या सागाच्या वाशांचा उपयोग तेथील एका चर्चच्या छपरासाठी करण्यात आला. ‘डोलकाठ्या मोडल्या’, ‘निकालात काढले’ आणि ‘मोडीत विकले’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनीही शोधावे, एवढेच यातून सांगता येईल.

जुलै २०२४ मध्ये मी सगळी पाने क्रमाने लावली. छपाई आणि बांधणीला ९०० रुपये लागले. ११२ पानांची ती फाइल वाचनालयात ठेवण्यापूर्वी उभादांड्याला नेऊन सुतारांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि ‘बॉम्बे, १८५४’ या ओळीवर बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावले.

“बाई, साग खंयचो?” त्यांनी विचारले.

“बहुतेक मलबारचा,” मी म्हटले.

त्यांनी शेवटच्या पानावरचा छपराचा मजकूर माझ्याकडून मराठीत सांगून घेतला, आणि आपल्या अर्धवट बांधलेल्या होडीच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, “मगे त्या छपरात तो आजून आसतलो.”